फाटकाबाहेरची रांगोळी

"काय सांडलं हो?" जगदाळ्यांनी फाटकावरून वाकून विचारलं.

मी दाराशी उकिडवा बसलो होतो. डोक्याला माकडटोपी, अंगावर बायकोची जुनी शाल, उजव्या हाताच्या चिमटीत रांगोळी आणि पुढ्यात अर्धवट झालेलं कासव.

"रांगोळी," मी म्हणालो. "डबा लवंडला. भरून ठेवतोय."

"चिमटीनं?"

"वाया जाऊ नये म्हणून."

जगदाळे आमचे शेजारी, निवृत्त मंडल अधिकारी. बांधाची भांडणं ऐकण्यात हयात गेलेली. समोरचा माणूस खोटं बोलायला नेमका कुठल्या शब्दापासून लागला, हे त्यांना त्याच्याआधी कळायचं. त्यांनी कासवाकडे पाहिलं. चार पाय झाले होते, शेपूट झालं होतं, डोकं तेवढं राहिलं होतं.

"चांगलं सांडलंय," ते म्हणाले, आणि दुधाची पिशवी हलवत निघून गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या सकाळी माकडटोपीच्या आत माझे कान जसे तापले होते, तसे ते अजूनही कधीकधी तापतात, आणि साताऱ्याच्या थंडीत त्याचा उपयोगही होतो.

झालं होतं असं. माझी बायको कुमुद ओल्या गच्चीवर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. कन्याशाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. मोडल्याबद्दल तिनं कुरकुर केली नाही. प्लॅस्टर घालून गळ्यात हात अडकवून घरी आली. जेवणाचा डबा लावला, धुण्याला बाई लावली. सगळं मार्गी लागल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहून म्हणाली,

"अहो, दार भुंडं दिसतंय."

"दाराला काय झालंय? उघडतंय, लागतंय."

"रांगोळी नाही."

"मग लावू या एखादी बाई. रांगोळीला."

"तुम्ही काढा."

हे वाक्य ती ज्याला म्हणत होती तो माणूस कोण होता, हे सांगायला हवं. गावच्या दैनिकात माझं 'वाकडी खुर्ची' नावाचं सदर वर्षानुवर्षं चालत होतं. निवृत्त होताना मी निरोपादाखल निवृत्त लोकांच्या छंदांवरच एक मालिका लिहिली होती. कुंडीत वड कोंबणारे, साठीला पेटी शिकणारे, जलरंगात गटांगळ्या खाणारे, कुणालाही सोडलं नव्हतं. त्या लेखांनंतर गावात दोन पेट्या विकायला निघाल्या, असं जगदाळे सांगत. मी ते कौतुक समजत असे.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"मी सांगते. बसा."

ती वेताच्या खुर्चीत बसली आणि मी फरशीवर. फडक्यानं फरशी पुसली. चिमटीत रांगोळी घेतली.

"टिंबं द्या. सरळ ओळीत. अहो, टिंबं म्हणाले मी. वारुळं नाही."

"सुटतच नाही हातातून."

"चिमूट सोडायची नसते. अंगठा हलवायचा. नुसता अंगठा. आणि श्वास रोखू नका, रेघ अडखळते."

मी श्वास सोडला. रांगोळी उडाली.

"तोंड बाजूला करून सोडायचा," कुमुद म्हणाली.

रेघ वाकडी गेली तेव्हा मी फडकं उचललं. तिनं डाव्या हातानं ते काढून घेतलं. "पुसायची नाही. चुकलेल्या रेघेचं पान करायचं."

"आणि दोन चुकल्या तर?"

"वेल."

पहिल्या आठवड्यात आमच्या दारात जंगल माजलं.

प्लॅस्टर निघेपर्यंत, एवढंच आमचं ठरलं होतं. मी लोकांची चाहूल घेत, अंधुक उजेडातच हे काम उरकायचो. फाटक वाजलं की डबा शालीखाली. पण हळूहळू माझ्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट यायला लागली. मी जागा व्हायचो तो घाईनं. तोंड धुवायच्या आधी हात शिवशिवायचा.

लिहिताना मला नेहमी समोर कुणीतरी लागायचं. ज्याची टोपी उडवायची तो, आणि ती उडताना पाहून हसणारा. इथं समोर फरशी होती. फरशी हसत नाही. आदल्या दिवशी पेन्शनच्या खिडकीवर एका पोरसवद्या कारकुनावर मी आवाज चढवला होता आणि घरी येऊन तो प्रसंग रंगवून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी रेघ काढायला बसलो, तर ती जागोजागी गाठी धरायला लागली. अंगठा ऐकेना. तेव्हा मला कळलं, की त्या कारकुनाची काही चूक नव्हती आणि ते मला कालच ठाऊक होतं.

पुढं मी टिंबं सोडली. जे हाताला येईल ते काढायला लागलो. धाकट्या भावाचा फोन आला होता आणि मी तो मुद्दाम घेतला नव्हता. त्या सकाळी मला एक गोल काही केल्या मिटवता येईना. तसाच उघडा ठेवून उठलो. दुपारी भावाला फोन केला. संध्याकाळपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी तो गोल कुठल्या कुठं गेला होता, आणि ते मला फार बरं वाटलं. आयुष्यभर जे लिहिलं ते कुणी विसरू नये म्हणून धडपडलो होतो.

कुमुदचं रोजचं ठरलेलं. मी उठलो की बाहेर यायची, बघायची, नुसती पांढरी ठेवू नये म्हणून डाव्या हातानं हळदकुंकवाची चिमूट सोडायची आणि आत जायची.

मग प्लॅस्टर निघालं.

"बोटं आखडलीत," डॉक्टर म्हणाले. "त्यांना काम द्या. कणीक मळा. रांगोळी काढता ना? उत्तम. रोज काढा."

"घाई नको ना पण?" मी विचारलं. "अजून महिनाभर विश्रांती..."

"अजिबात नको. विश्रांतीनंच हात जाईल."

असला डॉक्टर मी आयुष्यात पाहिला नव्हता. येताना कुमुदनं बाजारात थांबून रांगोळीची नवी पिशवी घेतली. रिक्षात ती पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती. सवतीकडे बघावं तसा मी तिच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठलो आणि ती उठायच्या आत रांगोळी काढून मोकळा झालो. ती बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "आज मी काढणार होते."

"तुझा हात दुखेल म्हणून."

त्यापुढच्या दिवशी ती आणखी लवकर उठली. मी त्याहून लवकर. मग ती. आम्ही दोघं तोंडानं काही न बोलता पहाट मागं मागं ढकलत नेत होतो. एके दिवशी मी दार उघडलं तर ती पायरीवर आधीच बसलेली. डबा मांडीवर.

"फडकं द्या," ती म्हणाली.

"अगं, गारठा आहे. तुझं मनगट..."

"माझं मनगट मला माहीत आहे. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

सोपा प्रश्न होता. मी म्हणालो, "मला काय हवं असणार? तुझी काळजी."

तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मुली उत्तर चोरून लिहितात तेव्हा बघत असेल तसं. मग माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागली. तिची पहिली रेघ थरथरली. दुसरी कमी. मी उभ्या उभ्या बघत होतो आणि मला, सांगायला लाज वाटते, तिचा हात बरा झाल्याचा आनंद काही होत नव्हता.

तेवढ्यात जगदाळे आणि त्यांच्या मिसेस फिरून परत येत होते.

"वा वा, वहिनी! हात बरा झाला म्हणायचा!" जगदाळे ओरडले. "आगटेसाहेब, सुटलात!"

"सुटलो बाबा एकदाचा," मी मोठ्यानं हसलो. "कंबर राहिली नव्हती."

कुमुदचा अंगठा थांबला. मग पुन्हा हलायला लागला.

पुढचे काही दिवस मी फार वाईट काढले. सकाळी पेपर वाचला, तो संपला. चहा प्यायलो, तोही संपला. हात शिवशिवतच राहिला. आदल्या दिवशी जे काही वागलो-बोललो असेन ते दिवसभर पोटात पडून राहायचं, जेवण न पचल्यासारखं. एकदा ओट्यावर तांदळाची पिठी सांडलेली दिसली आणि मी तिच्यात बोट फिरवलं. स्वयंपाकघरात मला कुणी बघत नव्हतं, तरी मी घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकलो.

शेवटी मी मूठभर रांगोळी कागदाच्या पुडीत बांधली आणि गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागं थोडी सपाट जागा आहे. तिथं बसलो. शाळेच्या मागं विडी ओढणारी पोरं जशी बसतात तसा, एक डोळा जिन्याकडे ठेवून. वारा होता. तरी एक रेघ आली, दुसरी आली. इतकं हायसं वाटलं, की दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्याही.

त्या दिवशी जिन्यात बादलीची कडी वाजली. मला पुडी लपवायला वेळ मिळाला, रांगोळी लपवायला मिळाला नाही. मी उठलो आणि तिच्यावर पाय ठेवून उभा राहिलो. अनवाणी.

कुमुद धुणं वाळत घालायला आली होती. तिनं बादली खाली ठेवली.

"इथं काय करताय?"

"टाकी बघतोय. गळते की काय."

"पाय पांढरा झालाय."

"चुना असेल."

"गच्चीला चुना नाही." ती जवळ आली. "पाय उचला."

"अगं, काही नाही..."

"पाय उचला."

मी पाय उचलला. खाली अर्ध्या रेघा होत्या, अर्ध्या माझ्याच टाचेनं फासटलेल्या. तिनं त्या वाकून पाहिल्या.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"अहो, मी मुलींच्या शाळेत नोकरी काढली. बाकाखाली काय चाललंय ते फळ्याकडे तोंड करून सांगायचे."

मी टाकीकडे बघितलं. टाकी गळत नव्हती.

"मला..." मी म्हणालो. रोज सकाळी कुणाच्याही तोंडावर फेकायला ज्याच्याकडे शब्द असायचे, त्याला पुढचा शब्द सापडेना. "मला ती सकाळची रांगोळी हवी आहे."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मीही हसलो असतो आणि विषय मिटला असता.

"का?"

"काढली की कळतं."

"काय?"

"काल मी कसा होतो ते."

कुमुदनं बादलीतले कपडे दोरीवर टाकले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. बराच वेळ मनगट चोळत राहिली.

"आणि मला ती कशासाठी हवी असेल, असं वाटलं तुम्हाला?"

"तुला म्हणजे... तुझं रोजचंच. सणवार, दारात लक्ष्मी यायची ती..."

"मी गणिताची बाई आहे. लक्ष्मी पावलं मोजत घरात येते, असं मला कधी वाटलं नाही."

"मग?"

"रांगोळी काढणाऱ्या बाईला कुणी हाक मारत नाही," ती म्हणाली. "देवाचं काम म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माणसं केवढी. पाणी तापवलं का, डबा झाला का, याचं बटण, त्याचा पट्टा. शाळेत गेलं की बाई, बाई. तेवढा वेळ मात्र कुणी हाक मारायचं नाही. सासूबाईसुद्धा नाही. तेवढ्यात मी माझं काय ते बघून घ्यायचे."

"त्यात? त्या रांगोळीत?"

"मग कशात? तुमच्यासारखं सदर नव्हतं मला." तिनं मनगट चोळणं थांबवलं. "सुहास नोकरीसाठी लांब गेला तेव्हा आठवडाभर मी दारात एकच टिंब देत होते. त्याच्यापुढं काही सुचायचंच नाही."

सुहास आमचा मुलगा. तो गेला तो आठवडा मला चांगला आठवत होता. मी मुलं परदेशी पाठवणाऱ्या आईबापांवर फार गाजलेला लेख लिहिला होता.

"मला कधी दिसलं नाही," मी म्हणालो.

"दिसेल कसं? तुमचा पाय पडायचा त्याच्यावर. पेपर आणायला जाताना."

"कुठला पेपर?"

हे मी का विचारलं कोण जाणे. मला माहीत होतं.

"तुमचं सदर आलेलं असायचं ना," कुमुद म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उत्तर चुकलं असेल तर चुकलं म्हणतात, तितकंच. टाचेला लागलेली रांगोळी मी दुसऱ्या पायानं घासत होतो. जातच नव्हती.

"दार मी तुम्हाला देणार नाही," ती म्हणाली.

"नको."

"खरंच नको?"

"हवंय. पण नको."

तेव्हा ती हसली. "फाटकाबाहेर जागा आहे. पुसून घ्या आणि काढा."

"रस्त्यावर? सगळी कॉलनी फिरायला निघते तेव्हा?"

"रांगोळीची वेळ तीच असते."

"दुपारी काढली तर?"

"दुपारी जगदाळे झोपलेले असतात म्हणून?"

"गच्चीच काय वाईट आहे, मी म्हणतो."

"काही वाईट नाही. पण मग माझ्या डब्यातली रांगोळी न्यायची नाही. बाजारात जायचं, स्वतः विकत घ्यायची. दुकानदारानं विचारलं की वहिनींसाठी असं सांगायचं नाही."

ती बादली घेऊन जिन्याकडे निघाली. मग वळून म्हणाली, "कंबर राहिली नसेल तर राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी माकडटोपी घातली नाही. एवढं एक धाडस जमलं, ते आधी करून टाकलं. फाटकाबाहेर पाणी मारलं, खराट्यानं खडे काढले आणि बसलो. माझ्यामागं दाराशी कुमुद तिच्या कामाला बसली होती. आमच्यामध्ये उघडं फाटक. जरा वेळ आम्ही दोघं पाठीला पाठ करून नुसता अंगठा हलवत होतो. कुणी हाक मारली नाही.

मग कोपऱ्यावरून फिरायला जाणाऱ्यांचा घोळका वळला. जगदाळे पुढं, त्यांच्या मिसेस, मागं चार-पाच जण, त्यात पेटी विकलेले एक गृहस्थही होते. चपलांचे आवाज जवळ आले आणि थांबले. मला फक्त पाय दिसत होते.

"वहिनींचा हात पुन्हा दुखतोय का हो?" जगदाळ्यांनी विचारलं.

भला माणूस. त्यानं मला वाट करून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी सगळे हळहळून पुढं गेले असते आणि मी बायकोची सेवा करणारा नवरा म्हणून कॉलनीत नाव काढलं असतं. मागं दाराशी कुमुद होती.

"नाही," मी म्हणालो. "तिचा हात चांगला आहे. ती तिकडं काढतेय. ही माझी."

"तुमची म्हणजे?"

"मला आवडतं काढायला."

कुणीतरी खुसखुसलं. मग सगळेच हसले. जगदाळ्यांच्या मिसेस पदर तोंडाला लावून "अगंबाई" म्हणाल्या. पेटीवाले गृहस्थ फार मनापासून हसत होते, आणि त्यांना तो हक्क होता.

"आगटेसाहेब," ते म्हणाले, "यावर वाकडी खुर्ची पाहिजे!"

"लिहा की," मी म्हणालो. "सोडू नका."

माझे कान पेटले होते, झाकायला टोपी नव्हती. अंगठा मात्र थांबला नव्हता. रेघ जाड येत होती, गाठी धरत होती, कोण जाणे कुठं निघाली होती. पान करायला सुद्धा जागा उरली नव्हती. सगळे बघत होते.

"आहे काय हे?" जगदाळ्यांनी वाकून विचारलं.

"अजून ठरलं नाही."

त्यांनी बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं. मग सरळ होऊन मागच्या मंडळींना हातानं बाजूला केलं. "पाय देऊ नका," ते म्हणाले. "बांधावरनं चला."

घोळका कडेकडेनं, एकामागोमाग एक, गटाराच्या काठावरून पुढं गेला. हसू कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. मी रेघ पुरी केली, गुडघ्यांवर हात टेकून उठलो आणि आत निघालो.

दाराशी थांबलो. कुमुद आतल्या बाजूला उंबऱ्याशी उभी राहून हाताची रांगोळी झटकत होती. एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत तिनं सगळी फरशी भरून टाकली होती. बारीक, अखंड रेघ, वळणं घेत गेलेली, कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही. नुसतं बोट टेकायलाही मोकळी जागा नव्हती.

"हसले ना?" तिनं विचारलं.

"पोटभर."

"चहा टाकलाय."

"येतो की. पाय कुठं ठेवू?"

"ते आधी बघायचं असतं," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी उभ्यानं पाहिलं. नक्षी दिसली. छान होती, एवढंच म्हणता आलं असतं. या दारातून इतकी वर्षं जा-ये केली, पण इथलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या रांगोळीसमोर जमिनीवर बसलो. रेघ जिथून सुरू झाली असावी असं वाटलं, तिथून एका टोकानं बघायला लागलो.

आतून चहा उतू गेल्याचा वास आला. ती काही हाक मारत नव्हती.